६१.८ चं गारूड

आज कॉलेज रोडला मिसळ खाता खाता भाच्याने मोबाइलवर निफ्टीचा (शेअर बाजाराच्या निर्देशांकाचा) चार्ट उघडला. "मामा, हे बघ, सुवर्ण गुणोत्तर!" (म्हणजे १.६१८; एकाला त्याने भागलं की ०.६१८, तेच हे ६१.८ टक्के.) जानेवारी २०२० चा उच्चांक १२,४३०, मार्चचा तळ ७,५११. या घसरणीच्या ६१.८ टक्के परत चढलं की येतं १०,५५१. आणि जूनच्या अखेरीस निफ्टी खरोखरच तिथे अडखळला होता. रस्सा निवला, तरी गडी थांबेना.

पण जुलैत तोच आकडा ओलांडून निफ्टी पुढे गेला, त्याचं काय? ३८.२, ५०, ६१.८, ७८.६ टक्के... चार्टवर इतक्या आडव्या रेघा मारल्यावर बाजार कुठल्यातरी रेघेपाशी थबकणारच की! (त्यातला ५० तर सुवर्ण गुणोत्तरातून येतही नाही.)

गॅन या जुन्या अमेरिकन सटोडियाच्या, चार्टवर ४५ अंशांत चढणाऱ्या रेषेची तर वेगळीच गंमत. चार्ट दोन बोटांनी ताणला की कोन बदलला! दिवसाला किती पॉइंट हे आधी ठरवलं नाही, तर ती नुसती तिरकी रेघ.

हां, हजारो लोक एकाच रेघेवर ऑर्डर लावून बसले तर ती काही काळ चालतेही, हे मान्य. "स्टॉपलॉस लावतोस ना?" (भाव ठरल्यापेक्षा खाली गेला की आपोआप विकून तोटा रोखणारी ऑर्डर) एवढंच विचारलं. "रेघेच्या जरा खाली," म्हणाला. चला, तेवढी तरी अक्कल आहे.