तुम्हाला मिळते ना?

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. झोप लागत नाही, तेव्हा लिहूनच टाकते.

आज जेवण झाल्यावर वेटरने कार्डाचं मशीन पुढे धरलं. बिलाच्या रकमेखाली टिपचे तीन आकडे तयारच होते. मी मधला दाबला आणि का कुणास ठाऊक, त्याला विचारलं, "ही तुम्हाला मिळते ना?" तो जरा थबकला. काउंटरकडे बघून हळूच म्हणाला, "महिनाअखेरीला कळतं, मॅडम."

इतकी वर्षं टिप देत आले. किती द्यायची याचा हिशेब दरवेळी केला, ती जाते कुठे हे मात्र एकदाही विचारलं नाही.

'बक्षिसी' हा शब्द मला कधीच आवडला नाही. त्यात देणारा उंचावर बसलेला दिसतो. अमेरिकेतल्या पुलमन कंपनीच्या रेल्वेडब्यांबद्दल वाचलं, तेव्हा हे नकोसेपण जास्तच पक्कं झालं. शयनयानातल्या प्रवाशांच्या दिमतीला कंपनीने गुलामगिरीतून नुकतीच सुटलेली कृष्णवर्णीय माणसं ठेवली. पगार तुटपुंजा, बाकीचं प्रवाशांच्या टिपवर भागवायचं. १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या पोर्टरांची संघटना उभी राहिली आणि कंपनीशी पहिला करार व्हायला १९३७ साल उजाडलं. बारा वर्षं झगडली ती माणसं. त्यांना कुणाच्या मर्जीवर नाही, पगारावर जगायचं होतं.

तो हिशेब अजून संपलेला नाही. टिप घेणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायचं किमान वेतन अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात तासाला २.१३ डॉलर आहे, १९९१ पासून तेवढंच. टिप धरून पूर्ण किमान वेतन, म्हणजे तासाला ७.२५ डॉलर, भरलं नाही तर उरलेले मालकाने घालायचे. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत ही सवलत नाही, तिथे पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं. पण बाकी ठिकाणी टिप म्हणजे आभार कसले? पगाराचाच एक तुकडा, आणि तो भरायचा गिऱ्हाइकाने.

हे लिहिताना एक जुनी गोष्ट टोचते आहे. एकदा जेवण यायला फार उशीर झाला म्हणून मी टिप न ठेवता उठले होते. उशीर स्वयंपाकघरात झाला होता. वेटर बिचारा दोनदा येऊन माफी मागून गेला होता, आणि शिक्षा केली मी त्यालाच. कॉर्नेल विद्यापीठातले मायकेल लिन वर्षानुवर्षं टिपचा अभ्यास करत आले आहेत. सेवा किती चांगली होती आणि टिप किती पडली, यांचा संबंध त्यांना फार क्षीण आढळला. मला ते पटतं. त्या दिवशी मी सेवा तोलली नव्हती, राग काढला होता.

आणि जे समोर येतच नाहीत त्यांचं काय? भांडी घासणारे, हॉटेलची खोली आवरणारी बाई. खोलीत नुसते पैसे ठेवले तर ती हात लावत नाही. विसरलेले असतील, उगाच आळ येईल, ही भीती. म्हणून सोबत "तुमच्यासाठी, धन्यवाद" अशी चिठ्ठी ठेवायची, आणि रोज सकाळी ठेवायची. निघायच्या दिवशी येणारी बाई वेगळीच असू शकते.

जपानमध्ये टिप द्यायची पद्धतच नाही, तरी तिथल्या सेवेचं नाव सगळे काढतात. मला मनापासून तसंच हवं आहे: पगार पुरेसा, आणि आभार शब्दांनी. तोवर निदान दिलेलं पोचावं. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून टिपची पूर्ण रक्कम कामगारांमध्ये न्याय्य रीतीने वाटणं मालकांवर बंधनकारक झालं. असा कायदा असला की वेटरला उत्तर देण्याआधी काउंटरकडे बघावं लागू नये.

आज मशीनवर आकडा दाबून झाल्यावर त्याच्या हातात काहीतरी द्यावं म्हणून पर्स उघडली, तर रोख काहीच नव्हतं. आत्ता उठून कपाटातल्या थोड्या नोटा आतल्या कप्प्यात वेगळ्या ठेवल्या. त्याचं नाव मात्र विचारायचं राहिलं.