लीछुन ते चिंगचे: वाघ-महिना वहीत उतरला

मंडळी, साठ जोड्यांच्या चक्राचा तक्ता मागेच तयार होता. दहा 'खोडं' (पाच तत्त्वं, प्रत्येकाची यिन आणि यांग रूपं) आणि बारा 'फांद्या' (वाघ, ससा असे प्राणी) यांच्या या जोड्या वर्ष, महिना, दिवस यांना क्रमानं लागतात. यंदा त्यावर पहिल्यांदाच एक अख्खा सौर महिना मांडून बघितला: 4 फेब्रुवारी ते 5 मार्च 2026, म्हणजे चिनी पंचांगातला वाघ-महिना.

घोड्याचं वर्ष 17 फेब्रुवारीला लागलं, हे सणापुरतं खरं. बाझी, म्हणजे चार खांबांची कुंडली, मांडणारे बहुतेक जण वर्ष बदलतात ते लीछुनला, वसंतारंभी. चंद्राचा इथे काही संबंध नाही. सूर्य सायन, म्हणजे वसंत संपातापासून मोजलेल्या, 315 अंशांवर आला की लीछुन. यंदा बीजिंगच्या घड्याळात तो क्षण 4 तारखेच्या पहाटे चारच्या सुमारास आला, आपल्याकडे तेव्हा रात्रीचा दीड. म्हणजे 10 फेब्रुवारीला जन्मलेलं बाळ सणाच्या हिशेबानं साप आणि बाझीच्या हिशेबानं घोडा! 'घोडा-वर्षात तुमचं काय होणार' छापाच्या रील्स मी न बघताच सरकवतो. मला रस आहे तो या गणितात.

आपलं पंचांग हाताळणाऱ्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. ज्या चांद्रमासात संक्रांत पडत नाही तो आपला अधिक मास. त्यांचा नियमही जवळपास तसाच, फक्त त्यांचे बिंदू सायन, आपले निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या आधारानं मोजलेले. म्हणून त्यांचा अधिक मास 2025 मध्येच सहाव्या महिन्याला लागून गेला आणि आपला अधिक ज्येष्ठ यंदाच्या मेमध्ये येतोय. त्या लांबलेल्या साप-वर्षात लीछुन दोनदा पडला. त्याआधीच्या ड्रॅगन-वर्षात एकदाही नाही, आणि असं वसंताविना वर्ष लग्नाला वर्ज्य मानणारे आजही आहेत.

आता ऋतूची छी, म्हणजे ऊर्जा. वसंतात लाकूड तत्त्व भरात, अग्नी चढता, पाणी विसावलेलं, धातू कोंडलेला आणि माती सगळ्यांत दुबळी. इथवर पाठांतर. पण वाघाच्या पोटात लाकडाबरोबर यांग अग्नी आणि यांग मातीही दडलेली असते, आणि हा अग्नीच मला या महिन्याची किल्ली वाटतो. लीछुनचं लाकूड अजून गारठलेलं असतं. त्याला आधी ऊब हवी, पाणी नंतर. म्हणून या काळात जन्मलेल्याच्या कुंडलीत जाणकार पहिल्यांदा अग्नी शोधतात. यंदाच्या वर्षाची जोडी बिंग-वू, वर खोडातही अग्नी, खाली फांदीतही अग्नी. उबेची कमतरता नाहीच. उलट महिन्याची जोडी गंग-यिन, म्हणजे ऐन भरातल्या लाकडावर बसवलेला धातू. कुऱ्हाड आहे, पण धार नाही. 5 मार्चच्या संध्याकाळी चिंगचे लागला, किड्यामुंग्यांना जाग आणणारा टप्पा, आणि ससा-महिना सुरू झाला. सशाच्या पोटात फक्त यिन लाकूड, भेसळ नाही. दोन्ही महिन्यांना सरसकट 'वसंताची ऊर्जा' म्हणणाऱ्या पुस्तकांवर माझा म्हणूनच राग आहे.

पाच-पाच दिवसांची 72 निसर्गचिन्हंही उतरवून घेतली: पूर्वेचा वारा बर्फ सैल करतो, बिळातले जीव हलू लागतात, मासे बर्फाखाली वर सरकतात. ही उत्तर चीनची थंडी आहे. दक्षिणेत हाँगकाँगलासुद्धा ती जुळत नाही, मग आपली काय कथा.

लीछुनला चितारतात त्या वसंतबैलाचं चित्र मात्र मनापासून रंगवलं. डोक्याचा रंग वर्षाच्या खोडावरून, अंगाचा फांदीवरून, म्हणून दोन्ही लाल. पोटाचा रंग जोडीच्या नाद-तत्त्वावरून, म्हणजे अख्ख्या जोडीला मिळून दिलेल्या वेगळ्या तत्त्वावरून. बिंग-वूचं ते पाणी, म्हणून काळं. शेजारचा गुराखी-देव 3 छी 6 छुन 5 फन (ही लांबीची चिनी मापं) उंच, वर्षाच्या 365 दिवसांसाठी. लीछुन नववर्षाच्या बराच आधी आला, म्हणून तो बैलाच्या पुढे उभा.

सगळ्यात जास्त वेळ बारा दिनाधिकाऱ्यांनी खाल्ला. रोज एक अधिकारी, ठरलेल्या क्रमानं. त्याच्यावरून दिवस कशाला चांगला ते ठरतं. महिन्याच्या फांदीशी दिवसाची फांदी जुळली की पहिला अधिकारी, समोरासमोर आली की 'भंग'. वाघ-महिन्यात माकडाचा दिवस भंगाचा, म्हणून 15 फेब्रुवारीला मोठं काम वर्ज्य. गंमत सौर महिना बदलतो तिथे आहे. पहिल्या अधिकाऱ्याची जागा एक फांदी पुढे सरकते, त्यामुळे आदल्या दिवशीचाच अधिकारी पुन्हा बसतो. 3 आणि 4 फेब्रुवारी दोन्ही 'धोका'. 4 आणि 5 मार्च दोन्ही 'बंद'. 3 तारीख तर लीछुनच्या आदल्या दिवसाची, म्हणजे वर्षातल्या चार 'तुटलेल्या' दिवसांपैकी एक. तिथे कुणी मुहूर्त काढत नाही.

पुढे छिंगमिंगपर्यंतचा, म्हणजे 5 एप्रिलच्या टप्प्यापर्यंतचा, ससा-महिना; तिथून ड्रॅगन-महिना. 4 आणि 5 एप्रिलला माझ्या तक्त्यात 'पकड' दोनदा येतोय. 4 फेब्रुवारी आणि 5 एप्रिल या दोन्ही दिवसांची जोडी एकच आहे, जी-यौ. मधे बरोबर साठ दिवस. जोडी तीच, पण वाघ-महिन्यात तिला 'धोका' आणि ड्रॅगन-महिन्यात 'पकड'. हाँगकाँगचं छापील पंचांग ज्यांच्याकडे असेल, त्यांनी या दोन तारखा ताडून कळवा.