सनिंगडेल: ओल्ड की न्यू, आणि आधी कोणता?

इंग्लंडला गोल्फ खेळायला निघालेला प्रत्येक जण सनिंगडेल क्लबबद्दल एकच गोष्ट विचारतो: तिथे ओल्ड आणि न्यू असे दोन कोर्स (मैदानं) आहेत, मग एकाच राउंडची (१८ होलच्या फेरीची) सोय असेल तर ओल्ड की न्यू? उत्तर सोपं आहे, ओल्ड. पण एका दिवसात दोन्ही जमत असतील तर सकाळी न्यू आणि दुपारी ओल्ड. हा क्रम उलटा करू नये. दुसरा कोर्स म्हणजे पहिल्याची धाकटी, स्वस्त आवृत्ती असा आपला समज असतो. न्यूला तो अजिबात लागू पडत नाही. निव्वळ फटक्यांची परीक्षा म्हणून पाहिलं तर न्यू जास्त कडक आहे.

दोन्ही कोर्स बर्कशायर आणि सरेच्या सीमेवर, एकमेकांना लागून आहेत. जमीन तीच, बॅगशॉटची वाळू. पाणी झटकन मुरतं, त्यामुळे चिकणमातीवरचे कोर्स हिवाळ्यात चिखलात बुडतात तेव्हाही इथे खेळता येतं. फरक जमिनीत नाही. दोन कोर्समध्ये २२ वर्षांचं अंतर आहे आणि त्या काळात चेंडू बदलला.

ओल्ड १९०१ साली खुला झाला. आखणी विली पार्क ज्युनियरची. १८८७ आणि १८८९ ची ओपन (ब्रिटनची सर्वांत मोठी गोल्फ स्पर्धा) त्याने जिंकलेली, आणि वडिलांनी तर १८६० ची पहिलीच ओपन जिंकलेली. तेव्हा हा सगळा माळ उघडा होता. आज दिसणारे पाइन आणि बर्च जवळजवळ नव्हतेच. हेदरची झुडपं उपटून, जमीन नांगरून, बी पेरून गवत उगवलं. समुद्रकाठच्या आयत्या हिरवळीवर खेळणाऱ्यांना त्या काळी हे धाडस वाटलं असणार. पार्कने अंतरं ठरवली ती गटापर्चाच्या (झाडाच्या चिकाच्या) भरीव, कडक चेंडूसाठी. आणि १९०२ ची ओपन सँडी हर्डने हॅस्केलच्या रबर गुंडाळलेल्या चेंडूने जिंकली. हा चेंडू जास्त लांब जायचा, त्यामुळे एका वर्षात नवाकोरा कोर्स तोकडा पडला.

तो लांबवण्याचं काम हॅरी कोल्टकडे आलं. कोल्ट व्यवसायाने वकील, आणि १९०१ पासून १९१३ पर्यंत क्लबचा सेक्रेटरी. टी (पहिला फटका मारायची जागा) मागे नेणं, बंकर (वाळूचे खड्डे) हलवणं, कुठे ग्रीन (भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) सरकवणं, हे सगळं तो रोजच्या कामातून शिकला. म्हणून आजचा ओल्ड निखळ पार्कचा नाही, त्यात कोल्टचा हात बराच आहे. पुढे स्विन्ली फॉरेस्ट, सेंट जॉर्जेस हिल असे कोर्स आखून झाल्यावर त्याने १९२३ मध्ये न्यू दिला. ओल्डची डागडुजी करताना हाताला जे लागलं, ते इथे कोऱ्या जागेवर वापरलं.

दोन्हींचा पार (अपेक्षित फटके) ७० आणि मागच्या टीवरून लांबीतही फारसा फरक नाही. न्यू जरासा लांब, एवढंच. पण ७० ची बेरीज वेगळी होते. ओल्डवर दोन पार-५ (पाच फटक्यांचे होल), चार पार-३ आणि बारा पार-४. न्यूवर तीन पार-५, पाच पार-३ आणि दहा पार-४. कार्डावर हा फरक किरकोळ वाटतो, पण खरा खेळ इथेच बदलतो.

ओल्डचे बारा पार-४ एका साच्याचे नाहीत. दुसरा होल पाचशे यार्डांच्या जवळ जातो. २००४ च्या महिला ब्रिटिश ओपनमध्ये तो पार-५ होता, आणि कॅरेन स्टपल्सने शेवटच्या फेरीत पहिल्या होलवर ईगल (पारपेक्षा दोन कमी) आणि लगेच या दुसऱ्यावर अल्बट्रॉस (तीन कमी) मारला. दोन होलमध्ये पारपेक्षा पाच कमी, आणि शेवटी विजेतेपदही तिचंच. उलट तिसरा, नववा आणि अकरावा हे तीन होल तीनशे यार्डांच्या आसपासचे. नववा तर त्याहूनही आखूड. लांब मारणाऱ्याला ड्राइव्हर (सर्वांत लांब मारणारी काठी) काढायचा मोह होतो, आणि होल आखलेत त्याच मोहासाठी. ग्रीन लहान, कडेला बंकर, आणि चेंडू थोडा जरी वाकडा गेला तरी पुढची चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका) उताराकडे. अकराव्यावर तर टीवरून फेअरवे (मधली कापलेल्या गवताची पट्टी) नीट दिसतही नाही. दहाच्या वरचा हँडिकॅप (खेळाडूचा आकडा, जितका मोठा तितका खेळ कच्चा) असेल तर हिशेब सरळ आहे: मधला आयर्न किंवा हायब्रिड (मध्यम अंतराच्या काठ्या) मारून पूर्ण वेजचं (आखूड, उंच फटक्याच्या काठीचं) अंतर ठेवावं, साधारण ९० ते १०० यार्ड. तीस-चाळीस यार्डांचा अर्धवट पिच (उचललेला छोटा फटका) टणक ग्रीनवर थांबत नाही.

पाचवा आणि दहावा उंच टीवरून खाली उतरतात. पाचव्यावर ग्रीनच्या अलीकडे उजवीकडे तळं आहे, म्हणून दुसरा फटका डाव्या अंगाने. चौथा पार-३ चढावर आहे, त्यासाठी एक पायरी लांब मारणारा क्लब (काठी) घ्या. पंधरावा पार-३ सव्वादोनशे यार्डांच्या पुढे जातो, तिथे चार फटके लागले तर दुःख मानू नये. शेवटचे तीन होल मात्र मोठे पार-४ आहेत. चेष्टामस्करी तिथे संपते. अठराव्याच्या ग्रीनमागे क्लबच्या चिन्हावरचं ओकचं झाड उभं आहे.

१९२६ मध्ये बॉबी जोन्सने ओपनच्या पात्रता फेरीत याच ओल्डवर ६६ मारले. पहिल्या नऊत ३३, पुढच्या नऊत ३३. ग्रीनवरचे फटके (पट) ३३, बाकीचे ३३. कार्डावर तीन आणि चार सोडून दुसरा आकडा नाही. कोर्सने दिलेली संधी न सोडणं आणि नसलेली न मागणं, याचा हा नमुना म्हणावा लागेल.

न्यू अशी संधी फारशी देत नाही. टीवरून हेदर ओलांडायचं अंतर जास्त, वळणावर फेअरवे तिरका, आणि ग्रीन बहुधा उंचवट्यावर. पडत-रखडत पोचणारा चेंडू ओल्डवर बऱ्याचदा ग्रीनवर जातो. न्यूवर तो तोंडाशी थांबतो किंवा बाजूला ओघळतो. खरी कसोटी पाच पार-३ ची: दुसरा, पाचवा, दहावा, चौदावा, सतरावा. कोल्ट आखणी करताना पार-३ साठी चांगल्या जागा आधी हेरायचा आणि बाकीचे होल त्यांच्या भोवती बसवायचा. न्यूवर ते स्पष्ट दिसतं. पाचवा त्यातला सर्वांत देखणा: उंच टी, मधे हेदरची दरी, समोरच्या कडेवर ग्रीन. चेंडू कमी पडला तर परत मागे येतो. म्हणून ध्वजाकडे बघू नका, ग्रीनच्या मध्याचं अंतर घ्या. दहाव्यावर उतार असल्याने कमी लांब मारणारा क्लब लागतो, पण वारा असेल तर चेंडू हवेत जास्त वेळ राहतो आणि चूक वाढते. पाचांपैकी दोन बोगी (पारपेक्षा एक जास्त) आणि बाकी पार, हा मध्यम खेळाडूसाठी उत्तम हिशेब आहे.

सहावा, तेरावा आणि अठरावा हे पार-५. ड्राइव्ह हेदरमध्ये गेला असेल तर दुसऱ्या फटक्यात अंतर वसूल करण्याच्या नादात तीनही होलवर सात-आठ लागतात. याला तिथली रचना कारणीभूत आहेच, पण जास्त दोष हेदरचा.

हेदर म्हणजे घोट्याएवढं, चिवट, काटकुळ्या फांद्यांचं झुडूप. ऑगस्टमध्ये जांभळं फुलतं आणि छायाचित्रांत फार गोड दिसतं. चेंडू त्यात खोल बसतो, फांद्या क्लबच्या मानेला अडतात, तोंड बंद होतं आणि चेंडू डावीकडे, खाली जातो. उपाय: ९-आयर्न किंवा वेजच, चेंडू नेहमीपेक्षा थोडा मागे, तोंड किंचित उघडं, डाव्या हाताची पकड घट्ट, मनगट उभं उचलून खाली मारायचं. लक्ष्य ग्रीन नाही, सर्वांत जवळचा फेअरवे, मग तो मागे का असेना. हायब्रिड इथे चालत नाही, त्याचं रुंद बूड फांद्यांवर घसरतं. आपल्याकडच्या पावसाळी हरळीच्या रफमधून (वाढलेल्या गवतातून) जोरावर चेंडू काढायची सवय असलेल्यांचं मनगट हमखास दुखावतं. आणखी एक: प्रोव्हिजनल (पहिला हरवला तर म्हणून दुसरा चेंडू) मारायला लाजू नका. हेदरमध्ये चेंडू दहा फुटांवरूनही दिसत नाही आणि शोधायला तीनच मिनिटं मिळतात.

हरळीवरून येणाऱ्यांना दुसरा धक्का जमिनीचा बसतो. फेस्क्यूचं बारीक गवत, खाली वाळू. उन्हाळ्यात चेंडू टप्पा घेऊन वीस-वीस पावलं पळतो. ओल्डवर ग्रीनच्या अलीकडे टप्पा टाकून आत सोडता येतो. न्यूवर बऱ्याच होलना उंचावरून, थेट ग्रीनवरच उतरवावा लागतो.

मोठ्या स्पर्धा मात्र ओल्डवरच होतात: १९८७ चा वॉकर कप (ब्रिटन-आयर्लंड विरुद्ध अमेरिका, हौशी खेळाडूंचा), महिला ब्रिटिश ओपन चार वेळा, सीनियर ओपनही अनेकदा, अगदी २०२५ मध्येसुद्धा. न्यूला हा मान मिळत नाही हे मला पटत नाही, पण सनिंगडेल फोरसम्समध्ये दोन्ही कोर्स वापरतात. १९३४ पासूनची ही जोडीची स्पर्धा. त्यात पुरुष, महिला, व्यावसायिक, हौशी सगळे एकत्र असतात.

क्रमाचं कारण आता उघड आहे. न्यूला ताजे पाय आणि तिखट आयर्न लागतात, म्हणून सकाळी. दुपारी दमल्यावर ओल्डचे आखूड पार-४ सांभाळून घेतात, आणि दहाव्या होलनंतरच्या टपरीवर सॉसेज सँडविच खायला थांबता येतं. त्याची कीर्ती कोर्सइतकीच आहे. आरक्षण खूप आधी करावं लागतं, तेही आठवड्यातल्या कामाच्या दिवसाचं, आणि हँडिकॅपचा दाखला जवळ ठेवा. वॉटरलूहून रेडिंगच्या गाडीने सनिंगडेल स्टेशनला उतरलात तर बॅग खांद्यावर घेऊन चालत क्लबला पोचता येतं.