तळघरातलं लोणी

व्हरमाँट राज्यातल्या वुडस्टॉकच्या बिलिंग्ज फार्मवर मी पाहुण्यांना जुन्या पद्धतीने लोणी काढून दाखवायचे. फ्रेडरिक बिलिंग्ज या वकिलाने १८७१ मध्ये इथे जर्सी गाईंचं शेत उभं केलं. पुढे १८९० मध्ये कारभाऱ्याचं घर बांधलं, त्याच्या तळघरात लोण्याचं काम चाले.

जुलैतला दिवस. शाळेची मुलं तळघरात मावेनात, म्हणून घुसळायचं लाकडी पिंप मी बाहेर झाडाखाली मांडलं. निम्मं क्रीम भरून दांडा फिरवू लागले. पंधरा मिनिटांतच लोणी आलं! मुलांनी टाळ्या वाजवल्या. झाकण उघडलं, तर आत मलमासारखा चिकट लगदा. कणी धरलेलीच नव्हती. ताकही पांढरंफटक, म्हणजे बरंचसं लोणी त्यातच राहिलेलं. थर्मामीटर घातला, पारा वीस अंशांच्या वर.

मला आईचा डेरा आठवला. उन्हाळ्यात ती ऊन वर यायच्या आत घुसळायला बसायची, डेऱ्यात माठातलं गार पाणी ओतायची. लहानपणापासून पाहिलेलं हे मी कसं विसरले?

पाहुण्यांना मी नेहमी यंत्रांचंच कौतुक सांगायचे. १८७७ मध्ये याच राज्यातल्या विल्यम कूलीने दुधाचे उंच डबे बर्फाच्या पाण्यात बुडवून साय लवकर वर आणली. १८७८ मध्ये स्वीडनच्या द लाव्हालने गरगर फिरणारं यंत्र काढलं, तेव्हापासून सायीसाठी रात्रभर थांबायला नको झालं. पण या वेगाला लागणारा गारवा कुठून यायचा? जमिनीत उतरलेल्या खोलीतून, आणि हिवाळ्यात तळ्यावरून कापून भुशात जपलेल्या बर्फातून. इतके दिवस त्या भिंतींबद्दल मी चकार शब्द काढला नव्हता.

दुपारी दहा-दहा मुलं खाली नेली. क्रीम आधी बारा अंशांवर आणलं, मग पिंप फिरवलं. या वेळी अर्धा तास उलटून गेला, मुलं आळीपाळीने दांडा धरत होती. मग एकदम आवाज बदलला, बदबद थांबून सळसळ सुरू झाली, झाकणावरची काच आपोआप स्वच्छ झाली. आत गव्हाएवढी पिवळी कणी तरंगत होती. ताक काढून तीन पाण्यांनी लोणी धुतलं. तिसरं पाणी नितळ निघालं, तेव्हा मीठ घालून फळीवर दाबायला घेतलं.