ग्रीन लेन्सवरील तुर्की जेवण : शाकाहारी आणि मांसाहारी मंडळींनी एकत्र जायचे असल्यास

लंडनमध्ये तुर्की जेवण जेवायचे असेल, तर शहराच्या मध्यवर्ती भागातील चकचकीत जागा सोडून सरळ उत्तरेकडील ग्रीन लेन्स हा रस्ता गाठावा. न्यूइंग्टन ग्रीनपासून विंचमोर हिलपर्यंत पसरलेल्या या लांबलचक रस्त्याचा हॅरिंगेमधील टप्पा तुर्की रेस्टॉरंट, बेकऱ्या, मिठाईची दुकाने आणि वाणसामानाची दुकाने यांनी अक्षरशः भरलेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत सायप्रसमधून आलेले ग्रीक आणि तुर्की भाषक लोक या परिसरात स्थिरावले, पुढे खुद्द तुर्कस्तानातून आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून मोठ्या संख्येने कुर्दी लोक आले, आणि त्यामुळे आज येथे मिळणाऱ्या जेवणावर अदाना, गाझिआनतेप या तुर्कस्तानच्या दक्षिणेकडील शहरांची छाप ठळकपणे दिसते.

येथे पोहोचणे सोपे आहे. पिकॅडिली लाइनने मॅनर हाउस स्थानकावर उतरावे आणि फिन्सबरी पार्क डाव्या हाताला ठेवून उत्तरेकडे चालू लागावे. हॅरिंगे ग्रीन लेन्स स्थानकाचा रेल्वेपूल ओलांडला की खाण्याचा मुख्य पट्टा सुरू होतो. चालायचे नसेल तर मॅनर हाउसहून २९ किंवा १४१ क्रमांकाची बस त्याच रस्त्याने जाते. कोपऱ्यावरचा १८९९ सालचा सॅलिसबरी हा भव्य व्हिक्टोरियन पब दिसला, म्हणजे आपण योग्य ठिकाणी आहोत असे समजावे.

आम्ही चौघे होतो. दोघे शाकाहारी, एक सर्व काही खाणारा आणि एक बीफ वगळून बाकीचे मांस खाणारी. मराठी मंडळींच्या टोळक्यात असे मिश्रण नेहमीचेच असल्यामुळे पुढील सूचना मुख्यतः त्याच अंगाने दिल्या आहेत. या रस्त्यावरील बहुतेक जागा ‘ओजाकबाशी’ प्रकारच्या आहेत, म्हणजे कोळशाची लांब भट्टी गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर असते, तिच्यावर धूर ओढून घेणारे मोठे धुराडे असते आणि भट्टीवरचा कारागीर सळ्या फिरवत एकाच वेळी अनेक टेबलांचे जेवण सांभाळत असतो. भट्टीजवळचे टेबल मिळाले तर काम पाहण्याची मौज आहे, परंतु उष्णता आणि धूर कपड्यांत चांगलाच मुरतो, तेव्हा लोकरीचा चांगला कोट त्या दिवशी घरीच ठेवावा.

सर्वांत महत्त्वाची सूचना मागवण्याच्या प्रमाणाविषयी आहे. मुख्य पदार्थ मागवला की गरम पाव, कोशिंबीर आणि भाजलेला कांदा हे बहुतेक ठिकाणी न मागता आणि वेगळे पैसे न घेता टेबलावर येतात, आणि ते इतके भरपूर असते की भुकेने भराभर मागवलेले चार-पाच मेझे, म्हणजे सुरुवातीचे छोटे पदार्थ, नंतर तसेच पडून राहतात. त्यामुळे चार जणांत दोन मेझे आणि तीन मुख्य पदार्थ एवढ्यावर सुरुवात करावी. कमी पडले तर पुन्हा मागवता येते, पण ती वेळ सहसा येत नाही. माझ्या मते त्या जेवणातील सर्वांत चांगली गोष्ट कबाब नसून तो फुकटचा कांदाच होता : कोळशावर बाहेरून काळा होईपर्यंत भाजलेला आणि मग डाळिंबाचा आंबटगोड पाक व ‘शालगाम’ या काळ्या गाजरांच्या आंबवलेल्या पाण्यात बुडवलेला.

आता शाकाहाऱ्यांविषयी. मेनूवर त्यांच्यासाठी पुष्कळ काही असते, परंतु तीन ठिकाणी स्पष्ट विचारणे आवश्यक आहे. पहिले म्हणजे पाव. अनेक भट्ट्यांवर पाव भाजत असलेल्या मांसावर दाबून त्याचा रस टिपून घेतात आणि मग तो गरम करून टेबलावर पाठवतात. मांसाहाऱ्यांना तो फार रुचतो, पण पाहताना त्यात मांसाचा अंश आहे असे कोणाला वाटणारही नाही. म्हणून बसताक्षणीच, पहिली टोपली येण्यापूर्वी, साधा पाव वेगळा मागावा. दुसरे, मसूर डाळीचे ‘मर्जिमेक’ सूप आणि मुख्य पदार्थासोबतचा बुलगूर (दलियासारखा गहू) किंवा भात हे मांसाच्या रश्श्यात शिजवले आहेत का, हे विचारावे. तिसरे, भाज्यांच्या सळ्या त्याच भट्टीवर, मांसाच्या शेजारीच भाजल्या जातात, आणि ज्यांना हे चालणार नाही त्यांनी भट्टीवरचे पदार्थ सोडून ओव्हनमधल्या आणि थंड पदार्थांकडे वळावे. आमच्या टेबलावर पावाविषयी विचारताच वाढणाऱ्या मुलाने जराही आढेवेढे न घेता दुसरी टोपली आणली, तेव्हा विचारण्यात संकोच नको.

थंड पदार्थांत ऑलिव्ह तेलात शिजवलेले भरले वांगे, म्हणजे ‘इमाम बायल्दी’, आणि टोमॅटो-मिरचीची बारीक चिरलेली ‘एझ्मे’ हे दोन्ही निर्धास्तपणे मागवावेत. ‘म्यूजवेर’ ही दुधी-वर्गातील झुकिनीची तळलेली वडी चवीला छान असली तरी तिच्यात अंडे असते. चीज किंवा पालक घातलेली ‘पिदे’ ही होडीच्या आकाराची भाजलेली पोळी दोघांना सहज पुरते. ‘लाहमाजून’वर मात्र मांसाचा खिमा असतो.

मांसाहाऱ्यांनी मेंढीच्या मांसाचा अदाना कबाब अवश्य खावा. मांस आणि मेंढीच्या शेपटीची चरबी मोठ्या वक्र सुरीने हातानेच बारीक करून, लाल मिरची आणि मीठ घालून ती रुंद सळीवर थापतात, ही त्याची मूळ रीत. तिखट नको असल्यास त्याचाच सौम्य भाऊ असलेला उर्फा कबाब मागवावा. आमच्या टेबलावर मात्र ‘अली नाझिक’ने बाजी मारली. भाजलेल्या वांग्याचा गर लसणाच्या दह्यात कालवून त्यावर मांस घालतात, आणि खालचा थर म्हणजे आपले दह्यातले भरीतच, फक्त शेंगदाण्याचे कूट आणि फोडणी वजा केलेले. बीफ टाळणाऱ्यांनी ‘सुजूक’ हा सॉसेज आणि डोनर (उभ्या सळीवर भाजून कापलेले मांस) यांविषयी चौकशी करावी. सुजूक सहसा गोमांसाचा असतो आणि डोनरमध्येही गोमांस मिसळलेले असू शकते.

गोडात ‘क्यूनेफे’ मागवायची असेल तर ती मुख्य जेवण संपत येतानाच सांगून ठेवावी, कारण शेवयांसारख्या कादाइफमध्ये चीज भरून ती ताजी भाजली जाते आणि तिला वेळ लागतो. ती गरम असतानाच संपवावी लागते. थंड झाल्यावर चीज रबरासारखे चिवट होते. बाकलावा खायचा असेल तर रेस्टॉरंटमध्ये न थांबता त्याच रस्त्यावरील मिठाईच्या दुकानातून वजनावर घ्यावा. पिस्त्यांचा गाझिआनतेपचा बाकलावा २०१३ मध्ये युरोपीय संघाच्या भौगोलिक मानांकनाच्या यादीत आलेला पहिला तुर्की पदार्थ ठरला, आणि येथील बऱ्याच दुकानांचा ओढा त्याच शैलीकडे आहे. जेवणाअखेर बिनदुधाचा चहा छोट्या कमरेदार पेल्यात येतो आणि त्याचे पैसे बहुधा बिलात लावलेले नसतात.

बिल देताना सेवाशुल्क आधीच जोडले आहे का, हे पाहावे. ते सहसा ऐच्छिक असते आणि सेवा समाधानकारक नसल्यास काढून टाकण्यास सांगता येते. मात्र ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार ही रक्कम मालकाला स्वतःकडे ठेवता येत नाही, ती कर्मचाऱ्यांनाच द्यावी लागते, हे लक्षात ठेवून निर्णय घ्यावा.

शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी प्रसिद्ध जागांबाहेर रांग लागते, आणि रमजानमध्ये सूर्यास्ताच्या सुमारास टेबल मिळणे अवघड असते. लहान मुले किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील तर आठवड्याच्या मधल्या दिवशी लवकर जावे. रेस्टॉरंटमधून बाहेर पडल्यावर वाणसामानाच्या दुकानात डोकावून सुमाक हा आंबट मसाला, जाडसर कुटलेली लाल मिरची आणि डाळिंबाच्या पाकाची बाटली घ्यावी, कारण भाजलेला तो कांदा घरच्या गॅसवरही बऱ्यापैकी जमतो. उशीर झाला तर चिंता नाही : शुक्रवारी आणि शनिवारी पिकॅडिली लाइन रात्रभर चालते, आणि इतर रात्री एन२९ ही बस मध्य लंडनपर्यंत आणून सोडते.