तुम्ही विचारलंत म्हणून: बस्टर डग्लस आणि ते चौदा सेकंद

मी कधीकाळी मुष्टियुद्धाच्या जिल्हा स्पर्धांमध्ये टाइमकीपरच्या टेबलावर बसायचो, हे कुणाला कळलं की पाच-दहा मिनिटांत प्रश्न येतोच. टायसनला हरवणारा तो बस्टर डग्लस खरा चॅम्पियन होता का हो, की रेफरीने त्याला तारलं? हल्ली प्रश्नाबरोबर मोबाइलवर त्या लढतीच्या व्हिडिओचा एक तुकडाही येतो. आठवा राऊंड, टायसनचा उजव्या हाताचा अपरकट, म्हणजे खालून वर हाणलेला ठोसा, डग्लस पाठीवर आणि खाली कुणीतरी डकवलेलं स्टॉपवॉच. दहा मोजेपर्यंत उठला नाही तो हरला, पण ते दहाच्या पुढे सरकतं आणि डग्लस अजून उठतोच आहे.

खरा होता. माझ्या मनात त्याबद्दल शंका नाही.

तारीख ११ फेब्रुवारी १९९०, ठिकाण टोकियो डोम. टायसन तोवर ३७ लढती खेळला होता, सगळ्या जिंकलेल्या, त्यातल्या ३३ नॉकआउट. मायकेल स्पिंक्सला त्याने ९१ सेकंदांत झोपवलं होतं. डग्लसवर लास वेगासच्या मिराज कॅसिनोत भाव होता ४२ ला १, म्हणजे तो जिंकेल असं जवळजवळ कुणालाच वाटत नव्हतं. त्याच्याबद्दल बोललं जायचं ते एवढंच, की अंगात खेळ आहे पण वेळ आली की कच खातो. १९८७ मध्ये टोनी टकरविरुद्ध आयबीएफ या मुष्टियुद्ध संघटनेच्या किताबासाठी खेळताना दहाव्या राऊंडमध्ये तो हरला होता, तेव्हापासून हा शिक्का बसलेला. वडील बिल डग्लस स्वतः मुष्टियोद्धे, त्यामुळे घरातूनही तुलना चुकत नसणार. आणि टोकियोच्या लढतीच्या तीन आठवडे आधी त्याची आई गेली.

आता त्या काउंटचं, म्हणजे मोजणीचं. हा माझ्या टेबलाचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. खेळाडू पडला की मोजणी टाइमकीपर सुरू करतो. रेफरीने आधी दुसऱ्या खेळाडूला लांबच्या कोपऱ्यात धाडायचं, मग वळून टाइमकीपरचा आकडा उचलायचा आणि तिथून पुढे मोजायचं. मेक्सिकोच्या ऑक्टाव्हिओ मेयरान या रेफरीने ते केलं नाही. त्याने स्वतःच्या एकपासून सुरुवात केली. त्यामुळे डग्लसला तेरा-चौदा सेकंद मिळाले. चूक झाली, हे मेयराननेही नंतर मान्य केलं. इथवर टायसनवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे.

पण खाली पडलेल्या माणसाच्या हातात घड्याळ नसतं. त्याला दिसतात ती रेफरीची बोटं. आमच्याकडे एकदा असंच झालं होतं. मुलगा पडला, मी टेबलावर थापा मारून मोजायला लागलो, पण दुसरा पोरगा कोपऱ्यात जाईना, त्याला ढकलण्यात रेफरीचा वेळ गेला. पडलेला मुलगा रेफरीच्या आठला उभा राहिला आणि पुढे जिंकला. समोरच्याचे कोच थेट माझ्या टेबलावर येऊन भांडले. संध्याकाळी मी त्या मुलाला विचारलं, तुला माझ्या थापा ऐकू येत होत्या का रे? तो म्हणाला, "नाही सर, मी बोटं बघत होतो. सहापर्यंत बसूनच राहा, असं शिकवलंय."

टोकियोतली चित्रफीत बघा. डग्लस पडल्यावर आधी रागाने मूठ जमिनीवर आपटतो. शुद्ध हरपलेला माणूस स्वतःवर चिडत नाही. मग तो रेफरीकडे बघत राहतो आणि नऊला उठतो. रेफरी वेळेवर पाचवर असता तर तो आणखी लवकर उठला असता, असं मी म्हणेन. सिद्ध करता येणार नाही, पण त्याच्या नवव्या राऊंडने ते जवळपास सिद्ध केलंय. बेशुद्धीतून वाचवलेला माणूस पुढच्याच राऊंडला टायसनला तसा दोरांवर रेटत नाही. दहाव्यात अपरकट, मागोमाग चार ठोसे, आणि टायसन आयुष्यात पहिल्यांदा खाली. तोंडातून पडलेलं गमशील्ड, म्हणजे दातांचं कवच, चाचपडत शोधतोय, एक टोक दातात धरून उठतोय, आणि मेयरानचे दहा संपले. गंमत म्हणजे तोही काउंट घड्याळावर लावला तर दहापेक्षा चांगलाच लांब भरतो. त्याचं स्टॉपवॉच मला आजवर कुणी पाठवलेलं नाही.

टायसनचा प्रमोटर डॉन किंगने आरडाओरडा केला, डब्ल्यूबीए आणि डब्ल्यूबीसी या किताब देणाऱ्या दुसऱ्या दोन संघटनांनी दोन-तीन दिवस मान्यता अडकवून ठेवली, मग निमूट दिली. आयबीएफ आधीपासून डग्लसच्या बाजूने होती. मला खरा राग येतो तो तीन जजांचा. नऊ राऊंडनंतर एकाने डग्लसला ८८-८२ पुढे ठेवलं होतं, ते ठीक. दुसऱ्याने ८६-८६ बरोबरी आणि तिसऱ्याने चक्क टायसन ८७-८६! हे दोघं कोणती लढत बघत होते देव जाणे. चौदा सेकंदांवर तावातावाने बोलणारे यावर कधी बोलत नाहीत.

मग लोक शेवटचा पत्ता टाकतात: डग्लसचा पुढचा प्रतिस्पर्धी होलीफिल्ड. २५ ऑक्टोबर १९९० ला डग्लस २४६ पौंडांचा होऊन रिंगमध्ये आला. टोकियोत होता साडे-२३१. तिसऱ्या राऊंडमध्ये त्याचा अपरकट हुकला, होलीफिल्डचा उजवा हात बसला आणि डग्लस आडवाच राहिला. चेहऱ्यावरून ग्लोव्ह फिरवून त्याकडे बघत होता, उठायचा प्रयत्नही दिसला नाही. इथे मी त्याची बाजू घेत नाही. सुमारे अडीच कोटी डॉलर घेऊन अशी तयारी म्हणजे खेळाचा अपमान होता. पण ऑक्टोबरचं पोट फेब्रुवारीच्या जॅबला, म्हणजे पुढच्या हाताच्या त्या सरळ ठोशाला, कसं खोटं ठरवणार?

जॅबवरून आठवलं. तुकडा पाठवणाऱ्याला मी हल्ली वाद घालत नाही. पाचवा राऊंड पूर्ण बघायला सांगतो, आवाज बंद करून. लांब हाताचा डावा जॅब, मागोमाग उजवा, परत जॅब, आणि टायसनचा डावा डोळा सुजत चाललेला. एकाने बघून फोन केला. म्हणाला, "काका, टायसन आजारी होता का हो त्या दिवशी?"