आमची वाटचाल : पितळी डिप रॉड आणि उणे २,८८४ रुपये

२००३ मध्ये कारखान्यांच्या भट्ट्यांना फर्नेस ऑइल, म्हणजे जाळायचं जड तेल, पुरवायला तुर्भ्यातला गाळा भाड्याने घेतला तेव्हा आत एक टेबल, एक फोन आणि मामांचा पितळी डिप रॉड, म्हणजे टाकीतलं तेल मोजायची आकडे कोरलेली दांडी, एवढंच होतं. मामा म्हणजे माझे पहिले भागीदार, मूळचे टँकर ड्रायव्हर. रॉडच्या टोकाला वॉटर पेस्ट (पाणी लागलं की लाल होणारी) चोपडून ते तो टाकीत सोडायचे, बाहेर काढला की लाल झालेल्या जागेवर अंगठा ठेवून विचारायचे, "पैसे तेलाचे देणार का पाण्याचे?" तो रॉड अजून माझ्या खुर्चीमागे उभा आहे. खालचे आकडे झिजून गेलेत. फर्नेस ऑइलवाल्यांना हे सांगायला नको, तरी सांगतो: पावसाळ्यात पेस्ट लावल्याशिवाय चलनावर सही करू नका.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आमचा भरलेला टँकर दोन दिवस महाप्याला अडकला. महिन्याभरात तिकडे अमेरिकेच्या आखातात कतरिना आलं आणि क्रूड, म्हणजे कच्चं तेल, बॅरलला ७० डॉलरवर गेलं. आपला पाऊस टँकर अडवतो, त्यांचं वादळ दर चढवतं, हे तेव्हा पहिल्यांदा खिशाला कळलं. २००८ च्या जुलैत १४७ डॉलर, डिसेंबरात ४० च्या खाली. त्यात पोळलो, पण उभे राहिलो. पुढची अकरा वर्षं टँकर भरले, उतरले, चेक वटले. मधल्या काळात मामा गेले.

मला लिहायचंय ते २०२० बद्दल. मार्चमध्ये सौदी आणि रशियाचं उत्पादनावरून फाटलं आणि क्रूड एका दिवसात जवळजवळ पंचवीस टक्क्यांनी कोसळलं. तळोज्याचे आमचे फोर्जिंगवाले शेठ म्हणाले, "सहा महिन्यांचा दर आत्ताच बांधून दे." दिला. उद्या दर चढला तर मरायला नको म्हणून एमसीएक्स या वायदेबाजारात क्रूडचे ४ लॉट घेतले, लॉटला १०० बॅरल. हिशेब पुस्तकात शोभेल असा होता. मग लॉकडाऊन लागला, शेठची भट्टी विझली आणि माल उचलणंच थांबलं.

२० एप्रिल हा सौद्याचा शेवटचा दिवस. तेव्हा एक्स्चेंज संध्याकाळी ५ लाच बंद व्हायचं. भाव हजाराच्या आसपास. दलालाला फोन केला, "काढून टाकू का?" तो हसला. "साहेब, शून्याच्या खाली थोडंच जाणार आहे!" रात्री न्यूयॉर्कला भाव उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला आणि त्याच भावावरून आपल्याकडचं सेटलमेंट, म्हणजे सौद्याचा शेवटचा हिशेब, बॅरलला उणे २,८८४ रुपयांनी झालं. ५ वाजल्यानंतरचेच १५ लाखांवर गेले. बायकोला सांगायला मला तीन दिवस लागले.

झालं होतं असं की तो अमेरिकी सौदा ओक्लाहोमातल्या कुशिंगला प्रत्यक्ष माल उचलण्याचा, आणि तिथल्या टाक्यांत जागाच उरली नव्हती. गळ्यात पडलेलं तेल घालवायला लोक वर पैसे देत होते. माझा माल मुंबईतल्या माहुलच्या टाकीत आणि सौदा कुशिंगच्या टाकीवर! हे कळायला १५ लाख मोजले.

त्यातच आमच्या रस्त्यावरच्या एका पुरवठादाराने शेठना मेसेज धाडला, "तेल फुकट झालंय आणि हा तुम्हाला जुन्या दराने लुटतोय." धंदा माझ्याच गाळ्यात बसून शिकलेला माणूस. शेठनी तो मेसेज मला तसाच पाठवला. जूनमध्ये भट्टी पेटल्यावर फोन आला, "दर ठरलाय ना? मग टँकर लाव. डिप तेवढी माझ्यासमोर घे." ठरलेला सगळा माल त्यांनी उचलला. फर्म वाचली ती त्यांच्यामुळे. बँकेने काय केलं ते न लिहिलेलंच बरं.

७ मार्च २०२२ ला युक्रेन युद्धात ब्रेंट (जगाच्या बाजारात ज्याचा भाव धरतात ते क्रूड) १३९ डॉलरला टेकलं, तेव्हा माझ्याकडे एकही लॉट नव्हता आणि बांधलेला दरही नव्हता. तेल कंपनीचा दर हलला की आमचा हलतो. नव्या पोरांनी विचारलेलं नाही, पण सांगून ठेवतो. वादळाची बातमी आली की ते विहिरीवर आलंय का रिफायनरीवर, हे आधी बघा. २०१७ मध्ये हार्वे वादळाने टेक्सासच्या रिफायनऱ्या बंद पाडल्या, तेव्हा क्रूड घ्यायला गिऱ्हाईक उरलं नाही. क्रूड उतरलं, पेट्रोल चढलं. युद्धात तेल खरंच अडलंय का नुसती भीती आहे, ते बघा. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण पेटलं आणि आखाताचं तेल जिथून बाहेर पडतं ती होर्मुझची सामुद्रधुनी बंद होणार म्हणून दर चढला. जहाजं चालूच राहिली आणि युद्धबंदी होताच ब्रेंट ७० च्या खाली आलं. त्या आठवड्यात घाबरून टाक्या भरणारे मला ठाऊक आहेत.

परवा माल कमी पडला म्हणून बाहेरून एक टँकर घेतला. मामांच्या रॉडवर पेस्ट दोन बोटं लाल. टँकर तसाच परत पाठवला. कुणाचा होता ते लिहीत नाही, आमच्या रस्त्यावरच्यांना कळेल.